माझा अंगठा आणि एकोणिसावं प्रकरण

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी निष्काळजी माणूस नाही. चौतीस वर्षं मी सरकारी दप्तरखाना सांभाळला आणि त्या चौतीस वर्षांत माझ्या हातून एकही कागद गहाळ झाला नाही. एकदा झाला अशी ओरड झाली होती, पण तो साहेबांच्या डब्याखाली निघाला, आणि डबा माझ्या अखत्यारीत येत नव्हता. हे एवढ्यासाठी सांगतोय, की पुढचं वाचून माझ्याविषयी कुणाचा गैरसमज व्हायला नको. बायकोचा झालाय तेवढा पुरे.

गुरुवारी दुपारी ही कपाटातून बाहेर आली ती अगदी रडकुंडीला येऊन.

कपाटातून म्हणजे कपाटातूनच. झोपायच्या खोलीतल्या भिंतीत आमचं मोठं कपाट आहे. त्यात माझे दोन कोट, हिच्या शाली आणि पाहुण्यांच्या गाद्या यांच्यामध्ये एक स्टूल ठेवून ही दीड महिना रोज दुपारी बसत होती, कारण तिथे रस्त्याचा आवाज येत नाही. अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणारं एक ग्रंथालय आहे. त्यांच्यासाठी ही एक जाडजूड कादंबरी फोनवर वाचून रेकॉर्ड करत होती. चाळीस प्रकरणं. एकोणचाळीस झाली होती, आणि चाळिसाव्याच्या मध्यावर फोन म्हणाला, 'जागा शिल्लक नाही.'

"अहो, आता काय करू? सोमवारी अकराला द्यायचंय. मास्तर येणारेत तिथे!"

मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर, वय वर्षं एक्याऐंशी. बारा वर्षांपूर्वी ते हीच कादंबरी वाचत होते. अठरावं प्रकरण संपलं, आणि डोळ्यांनी दगा दिला. त्या प्रकरणाच्या शेवटी एक वकील कोर्टात उभा असतो, त्याच्या खिशात एक पत्र असतं. ते पत्र न्यायाधीशांना दिलं तर एक निरपराध माणूस सुटतो, पण वकिलाची स्वतःची अब्रू जाते. देतो की फाडतो, हे एकोणिसाव्यात. बारा वर्षं मास्तर त्या वकिलापाशी थांबलेत. कुणी नुसतं सांगायला लागलं तर कानांवर हात ठेवतात. म्हणतात, पुस्तकात जसं आहे तसंच हवं, उत्तर बघून गणित सोडवायचं नसतं. त्यांनी ग्रंथालयाला विनंती केली आणि ग्रंथालयाने हिला.

आता फोनबद्दल. फोन सात वर्षांचा आहे. आधी माझा होता, मग हिचा झाला. त्याचं चार्जिंगचं भोक सैल झालंय, त्यामुळे वायर लावून खाली काडेपेटी सरकवली आणि फोन भिंतीकडे तोंड करून ठेवला की तो चार्ज होतो. काँप्युटरला जोडला की मात्र तो ओळखसुद्धा दाखवत नाही. "नवीन घेऊ या का?" असं हिने दोनदा विचारलं होतं. चालू वस्तू टाकायची नाही, हे माझं तत्त्व आहे. तत्त्वाला माणसाने चिकटून राहिलं पाहिजे. किमान मी तरी राहतो.

तर, फोनच्या पोटात जागा नव्हती पण आत एक मेमरी कार्ड होतं आणि ते जवळजवळ रिकामं होतं. पोटातल्या फायली कार्डावर हलवायच्या, सोमवारी कार्ड काढून ग्रंथालयाला द्यायचं. एवढंच! फायली एका रॅकवरून दुसऱ्या रॅकवर हलवायच्या! निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि आठ महिन्यांत मला शोभेल असं काम पहिल्यांदाच घरात निघालं होतं.

"तू निश्चिंत राहा," मी म्हणालो. "हे माझं खातं आहे."

"म्हणूनच काळजी वाटते," ही म्हणाली.

शुक्रवारी सकाळी मी खालच्या मजल्यावर जाणकारांकडे गेलो. हे विम्याचे निवृत्त इन्स्पेक्टर. जाणकार हे नाव त्यांना बिल्डिंगने दिलं आणि त्यांनी ते कौतुक म्हणून स्वीकारलं. दार उघडायच्या आत सल्ला देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

"तुम्हाला फाइल एक्सप्लोरर लागणार," ते दाराआडूनच म्हणाले. मी फक्त "फोन" एवढंच म्हटलं होतं. "फुकट ॲप असतात. मी सांगतो ते घ्या. नव्वद सोयी आहेत त्यात."

"मला एकच हवीय."

"एकोणनव्वद पडून राहतील. बिघडलं कुठे?"

नव्वद सोयींचं ॲप म्हणालं, की तुमचा फोन फार जुना आहे. म्हणजे माझा अर्ज छाननीतच बाद! जाणकारांनी दुसरं सुचवलं. दोन जुने फोटो पुसल्यावर ते उतरलं खरं, पण त्यातली अक्षरं म्हणजे मोहरी सांडल्यासारखी, आणि दर मिनिटाला पोट कमी करायच्या पट्ट्याची जाहिरात. जाहिरात घालवायची तर कोपऱ्यातली बारीक फुली दाबायची. माझा अंगठा चौतीस वर्षं गठ्ठ्यांच्या गाठी आवळून चांगला रुंद झालेला आहे. फुलीबरोबर तो आजूबाजूचा सगळा परिसर दाबत होता. एकदा तर पडद्यावर काहीतरी प्रश्न उमटला, मी वैतागून पुन्हा दाबलं आणि 'झालं' अशी अक्षरं आली. पट्टा गेला, असं समजून मी सुटकेचा निःश्वास टाकला. हा निःश्वास लक्षात ठेवा.

तिसरं ॲप मात्र मी स्वतः शोधलं, जाणकारांना न विचारता. जुन्या फोनसाठी, हलकं, फुकट, बोटांना सोयीचं असं त्याचं वर्णन होतं आणि शब्दन् शब्द खरा निघाला. बटणं बिस्किटांएवढी! फाइलवर बोट ठेवून धरलं की ती उचलली जाते, सरकवली की सरकते. जाहिरात नाही, पट्टा नाही. मला एकदम आपली खुर्ची परत मिळाल्यासारखं झालं.

आता कुणी साधा माणूस असता, तर त्याने फायली उचलून कार्डावर ठेवल्या असत्या आणि चहा प्यायला असता. पण त्या फायलींची नावं काय होती म्हणता? 'रेकॉर्डिंग', मग आकड्यांची माळ, मग एक टिंब आणि टिंबापुढे दोन-तीन परकी अक्षरं. अशा अवस्थेत कागद रॅकवर चढवणं माझ्या रक्तात नाही. मी नवं रजिस्टर काढलं, पट्टीने रकाने आखले. अनुक्रमांक, जुनं नाव, नवं नाव, वेळ, शेरा, सही. मग प्रत्येक फाइलला रीतसर क्रमांक दिला. फोनला नावात तिरकी रेघ चालेना. तिरकी रेघ नसलेला क्रमांक मी जन्मात पाहिलेला नाही, पण वेळ पाहून आडवी घेतली.

राहिलं ते टिंब आणि पुढची अक्षरं. कायमच्या जतनासाठी फाइल आली, की आम्ही आधी तिच्या टाचण्या काढतो. टाचण्या गंजतात आणि कागद खातात. ती अक्षरं मला अगदी तशीच वाटली. मी ती काढली. प्रत्येक वेळी फोन विचारायचा, 'हे काढल्यास फाइल उघडणार नाही. चालेल?' मी प्रत्येक वेळी 'हो' दाबलं. सरकारी नोकरीत माणूस इशारे वाचत बसला, तर त्याची कामं कधी व्हायची?

दोन तासांत अडतीस फायली नोंदवून कार्डावर चढवल्या. अडतीस सह्या केल्या. मुळात किती असायला हव्या होत्या, हे मी पाहिलं नाही. आलं ते नोंदवायचं. न आलेल्याची चौकशी करणं हे नेहमीच दुसऱ्या विभागाचं काम असतं.

फोनमध्ये जागा झाली. ही खूश झाली. घसा बसत आला होता तरी कपाटात शिरली आणि चाळिसावं प्रकरण पूर्ण करून चारच्या सुमाराला घामाघूम होऊन बाहेर आली. दीड महिन्याचं काम संपलं होतं. मीही कौतुकाने हसत उभा होतो.

"चला, आता पहिल्यापासून एकदा ऐकू या," ही म्हणाली आणि पहिल्या फाइलवर बोट ठेवलं.

'ही फाइल उघडता येत नाही.'

दुसरी. तिसरी. अकरावी. सगळ्यांचं एकच उत्तर. मी रजिस्टर पुढे केलं आणि म्हणालो, "नोंदी तर चोख आहेत."

यावर हिने तोंड उघडलं. चाळीस प्रकरणं वाचून झिजलेला घसा, आणि त्यातून जे पहिलं वाक्य निघालं ते अशा वरच्या पट्टीत, की अर्ध्यावरच आवाज फुटला आणि बंद झाला. ओठ हलत होते, आवाज नाही. डॉक्टरांनी संध्याकाळी पंधरा दिवस पूर्ण मौन सांगितलं. एरवी अशी बातमी नवऱ्याला वाईट वाटू नये अशी असते, पण मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर आमच्या घरातला व्यवहार चिठ्ठ्यांवर आला. पहिली चिठ्ठी अशी होती: 'माझ्याशी बोलू नका.' दुसरी: 'मास्तरांना काय तोंड दाखवू?' सवयीने मी दोन्हींच्या कोपऱ्यात क्रमांक टाकला. तिसरी चिठ्ठी इथे देता येण्यासारखी नाही.

शनिवारी सकाळी मी फोन, रजिस्टर आणि खाली पडलेली मान घेऊन फोन कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो. टोकन सत्तेचाळीस. खिडकीवरच्या बाईंनी फोन दोन बोटांत धरून उलटासुलटा केला.

"हे मॉडेल आमच्या यादीत नाही."

"पण ते माझ्या हातात आहे."

"मूळ पावती?"

मी सात वर्षांपूर्वीची पावती काढून समोर ठेवली. बाईंनी तिच्यावरची तारीख दोनदा वाचली. मग सावरून म्हणाल्या, "हिची साक्षांकित प्रत लागेल. आणि अर्ज निळ्या शाईत हवा, तुम्ही काळ्यात भरलाय. सोमवारी या."

सोमवारी या! हे दोन शब्द मी स्वतः चौतीस वर्षं किती सहज वापरले होते! कुणाकुणाच्या सोमवारी काय काय होतं, ते कधी विचारलं नव्हतं. मला त्या क्षणी त्या सगळ्या लोकांची माफी मागावीशी वाटली, पण ते तिथे नव्हते, म्हणून मी बाईंनाच सगळी हकीगत सांगितली. मास्तर सांगितले, वकील सांगितला, कपाट सांगितलं. मागे टोकन अठ्ठेचाळीस उभे होते, तेही ऐकत होते.

"अगं बाई, मग त्याने पत्र दिलं का?" बाईंनी विचारलं.

"मला माहीत नाही. मी फक्त नोंदणी केली."

बाईंनी अर्ज बाजूला सारला, फोन हातात घेतला आणि पाच सेकंदांत मान वर केली. "अहो, तुम्ही नावांची शेपटं कापलीत. त्या अक्षरांवरूनच फोनला कळतं की यात आवाज आहे. ती परत लावा, सगळं उघडेल. पण प्रत्येकीचं मूळ नाव काय होतं, ते आता कोण सांगणार?"

"मी," म्हणालो आणि रजिस्टर उघडून धरलं. मधल्या अपमानाची एकदम भरपाई झाली. टोकन अठ्ठेचाळीस तर म्हणाले, "वा!"

घरी येऊन टेबलावर बसलो. ही समोर, तोंड फिरवून. रजिस्टरातल्या पहिल्या ओळीप्रमाणे पहिल्या फाइलचं नाव पूर्ववत केलं, शेपूट लावलं, बिस्किटाएवढं बटण दाबलं. आणि खोलीत हिचा आवाज आला, "प्रकरण पहिलं."

मी खोटं बोलत नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हिनेही तोंड इकडे केलं. एकेक फाइल उघडत गेलो. प्रत्येकीचं थोडं थोडं ऐकायचं ठरलं होतं, पण माझ्याच्याने 'थोडं' होईना. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. गॅस संपला, चष्मा तिथेच आहे, छत्री न्या, असं सगळं मी हिच्या तोंडून ऐकलंय. पण ही वाचते कशी ते कधी ऐकलंच नव्हतं. भिंतीपलीकडे दीड महिना हे चाललं होतं आणि मी पलंगावर पडून शब्दकोडी सोडवत होतो. असा मी करंटा!

"प्रकरण अठरावं." वकील उभा राहिला, खिशात हात गेला. मी श्वास रोखून पुढची फाइल उघडली.

"प्रकरण विसावं."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. रजिस्टर दोनदा चाळलं. एकोणिसावं त्यात आलेलंच नव्हतं. फोनच्या पोटातही नव्हतं. मग मला तो पट्टा आठवला, तो वैतागून दाबलेला अंगठा आठवला आणि ते 'झालं' आठवलं. पट्टा गेला नव्हता. एकोणिसावं प्रकरण गेलं होतं. चाळिसातलं नेमकं तेच!

मी ताबडतोब कबुली दिली. लेखी दिली, कारण तोंडाने देण्याचं धैर्य नव्हतं. हिने ती वाचली, बराच वेळ माझ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि चिठ्ठी लिहिली: 'उद्या तुम्ही वाचायचं.'

जिन्यात जाणकार भेटले. म्हणाले, "नाटकी वाचा, हातवारे करा." कपाटात हातवारे करून पाहिले, तर एक गादी अंगावर आली. रविवारची सगळी दुपार मी दोन कोटांच्या मध्ये स्टुलावर बसून घालवली. माझ्याच जुन्या कोटाची बाही दर वाक्याला माझ्या कानाशी लागत होती. जन्मभर मी मोठ्याने वाचलं ते एकच, टेबलावरच्या टिपण्या. दाराच्या फटीतून चिठ्ठ्या येत होत्या. 'सावकाश.' 'इथे तो माणूस रडतोय, तुम्ही नोटीस वाचताय.' 'स्वल्पविराम आहे, श्वास घ्या.' 'पुन्हा.' पाचव्या वेळी संपूर्ण प्रकरण बिनचूक झालं. फक्त शेवटचं वाक्य संपल्यावर माझ्या तोंडून सवयीने "माहिती व पुढील कार्यवाहीसाठी सादर" असं निघून गेलं. आता सहाव्यांदा वाचायचं त्राण नव्हतं. हिने हात जोडले आणि ते तसंच राहू दिलं.

सोमवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना कार्ड ग्रंथालयाच्या टेबलावर होतं. मास्तर काठी टेकून बसलेच होते. ते म्हणाले, "बाई, आलात? बाराच वर्षं झाली, काही घाई नव्हती!" आणि खदखदून हसले. ही नुसती हात जोडून उभी, म्हणून मी दोघांच्या वतीने हसलो. घरी येताना वाटेत हिने माझा हात धरला. छातीवरचा एवढा मोठा धोंडा उतरला, की आम्ही बसमधून एक थांबा आधीच उतरलो आणि उरलेलं अंतर उगीचच चाललो.

गोष्ट इथे संपली असती तर माझी अब्रू शाबूत राहिली असती. गुरुवारी सकाळी फोन वाजला. फोन भिंतीकडे तोंड करून काडेपेटीवर होता, म्हणून आम्ही दोघंही तिथेच भिंतीशी जाऊन उभे राहिलो. मी आवाज मोठा केला. मास्तर होते.

"बाईंना सांगा, वाचन अप्रतिम! आवाज असा, की माणसं डोळ्यांपुढे उभी राहतात. डोळे नसलेला माणूस हे उगाच म्हणत नाही. पण एक विचारू? एकोणिसावं कुणी वाचलंय?"

हिने माझ्याकडे बोट दाखवलं. जणू मास्तरांना दिसणार होतं.

"मी वाचलंय," मी म्हणालो. नम्रपणेच म्हणालो, पण मान थोडी ताठ झाली हे नाकबूल करत नाही.

"अस्सं. अहो, काय सांगू! मला वर्षानुवर्षं दुपारची झोप येत नाही. तुमचं एकोणिसावं लावलं आणि दुसऱ्या मिनिटाला मी गाढ झोपलो. जागा झालो तर कुणीतरी पुढील कार्यवाहीसाठी सादर करत होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं, पुन्हा झोपलो. काल सकाळी चहा घेऊन, खुर्चीत ताठ बसून लावलं. तरी झोपलो! वकील अजून खिशात हात घालून उभाच आहे हो. आणि ते सोडून विसावं ऐकायचं, हे माझ्याच्याने होणार नाही."

ही भिंतीला टेकली होती आणि आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. डॉक्टरांनी हसायला मनाई केली नव्हती. माझा चेहरा मात्र उतरला. बारा वर्षं थांबलेला माणूस, आणि मी त्याला पुन्हा तिथेच थांबवून ठेवला होता. आधी अंगठ्याने, मग तोंडाने. हिचा आवाज यायला अजून बरेच दिवस होते.

"मास्तर," मी म्हणालो, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, एकदम बोलूनच गेलो, "दिलं हो त्याने! पत्र दिलं!"

हिने कपाळावर हात मारला. मला वाटलं, संपलं. उत्तर आधी सांगून टाकलं, आता हा माणूस या जन्मात आमच्याशी बोलणार नाही.

मग एक लांब श्वास ऐकू आला. "दिलं?" मास्तर म्हणाले. "दिलं म्हणता? मला वाटलंच होतं. बारा वर्षं मी सगळ्यांना सांगतोय, तो देईल म्हणून. कुणाला पटत नव्हतं!" ते हसत होते की रडत होते, ते मला नीट कळलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "पण हे असं नको, एका ओळीत. कसं दिलं ते सांगा. पुस्तक हातात घेऊ नका मात्र, पाया पडतो तुमच्या. तोंडानेच सांगा."

मी हिच्याकडे पाहिलं. हिने खुर्ची ओढून भिंतीशी आणली आणि मला बसवलं. पाच वेळा मोठ्याने वाचलेलं प्रकरण होतं, शब्दन् शब्द डोक्यात होता. पण मी सांगायला लागलो तेव्हा त्यातला एकही आठवला नाही. वकिलाचा हात खिशातून कसा बाहेर आला ते आठवलं. मागच्या बाकावरची त्याची बायको आठवली. मी भिंतीकडे तोंड करून बोलत होतो, मध्येच उभा राहत होतो, आणि हातवारे तर कधी सुरू झाले ते कळलंच नाही. सकाळचा चहा कधीच निवला होता.

बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, की पलीकडून काहीच आवाज येत नाहीये.

"मास्तर," मी हळूच विचारलं, "जागे आहात ना?"

"अहो, मध्येच काय थांबता?" मास्तर खेकसले. "पत्र उघडलं न्यायाधीशांनी. मग?"